अनेक वर्षांनी बँड पुन्हा मंचावर आणताना काय पक्के करावे आणि काय मोकळे सोडावे

महाविद्यालयात असताना बँड केला, दोन-चार वर्षे स्पर्धा आणि महोत्सव गाजवले, आणि पुढे नोकरी, संसार, बदल्या यांत गिटार माळ्यावर गेली, असे अनेक जण ठाण्यात आणि नवी मुंबईत आहेत. चाळिशीच्या आसपास त्यांतल्या कोणाला तरी पुन्हा मंचावर उभे राहावेसे वाटते, जुन्या मंडळींचा व्हॉट्सअॅप गट तयार होतो, आणि इतक्या वर्षांनी आपल्याला पूर्वीसारखे वाजवता येईल का, असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. तसे वाजणार नाही, हे पहिल्याच दिवशी मान्य करावे. आमचा बँड अकरा वर्षांनी उभा राहिला तेव्हा मी बास गिटार वाजवत होतो आणि तालमींचे नियोजनही माझ्याकडे होते. त्या वेळी जे कळले ते इथे क्रमाने लिहितो आहे.

सुरुवातीला रॉकच्या इतिहासातले दोन दिवस शेजारी ठेवून पाहावेत, कारण एकाच बँडने फसलेले आणि जमलेले अशी दोन्ही पुनरागमने करून दाखवली आहेत. लेड झेपेलिनचा ड्रमवादक जॉन बॉनहॅम १९८० मध्ये वारला आणि बँड थांबला. १३ जुलै १९८५ रोजी फिलाडेल्फियाच्या लाइव्ह एड कार्यक्रमात उरलेले तिघे जवळजवळ तालमीशिवाय मंचावर आले. ड्रमवर फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्प्सन असे दोन पाहुणे होते, जिमी पेजची गिटार सुरात नव्हती आणि रॉबर्ट प्लांटचा आवाज बसलेला होता. तो कार्यक्रम त्यांना स्वतःलाच इतका खटकला की पुढे लाइव्ह एडच्या अधिकृत डीव्हीडीत त्यांनी तो घेऊ दिला नाही. तेच तिघे १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू सभागृहात पुन्हा उभे राहिले तेव्हा ड्रमवर जॉनचा मुलगा जेसन होता, मागे अनेक आठवड्यांच्या तालमी होत्या, आणि प्लांटच्या वयाला मानवेल अशा बेताने काही गाणी खालच्या पट्टीत घेतलेली होती. त्या रात्रीही सगळे काही गुळगुळीत नव्हते, तरी दोन तास सभागृह त्यांच्या मुठीत होते. दोन्ही दिवशी मूळचे तिघे तेच होते आणि चुका दोन्हीकडे होत्या. पण पहिल्या दिवशी चूक झाल्यावर सावरायला कोणी नव्हते, दुसऱ्या दिवशी चौघेही एकमेकांना सावरत होते.

म्हणून खडबडीतपणा आणि बेफिकिरी यांत गल्लत करू नये. पुनरागमनाच्या कार्यक्रमाला जो कच्चा जोर असतो तो तालीम टाळून येत नाही. तालीम नेमकी कशाची करायची, हे ठरवल्यावर तो येतो.

पहिल्या काही तालमी

कार्यक्रमाच्या किमान दोन महिने आधी सुरुवात करावी आणि आठवड्यातून एक याप्रमाणे आठ ते दहा तालमी धराव्यात. वागळे इस्टेटमध्ये आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात गाळ्यांमधून चालणाऱ्या जॅमरूम, म्हणजे तासावर मिळणाऱ्या तालीमखोल्या, सापडतात. घरात ड्रम वाजवून शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेण्यापेक्षा तास ठरवून तिथे जाणे केव्हाही बरे. सदस्य डोंबिवलीपासून पनवेलपर्यंत पसरलेले असतील तर ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या स्थानकाजवळची जागा निवडावी. जागा गैरसोयीची असली की तिसऱ्या आठवड्यापासून गळती सुरू होते, आणि गळती लागलेला बँड पुन्हा जमवणे फार कठीण असते.

पहिल्या तालमीत तीनपेक्षा जास्त गाणी घेऊ नयेत, आणि येताना आपली जुनी रेकॉर्डिंग ऐकून येऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. जुने रेकॉर्डिंग ऐकून आलेला माणूस त्या वेळच्या स्वतःची नक्कल करत बसतो आणि शेजारच्याचे वाजवणे त्याला ऐकूच येत नाही. आमची पहिली तालीम एका रविवारी सकाळी झाली. गाळ्याचे शटर अर्धे खाली होते, पंखा बंद होता, आणि आमच्या ड्रमवादकाने बराच वेळ स्नेअरचा, म्हणजे समोरच्या खणखणीत ड्रमचा, एकच पेच सैल-घट्ट करत घालवला. मग त्याने चार मोजले आणि पहिला ठोका असा मारला की काठी कडेवर आणि कातड्यावर एकदम बसली. भिंतीवर टेकवून ठेवलेली माझी रिकामी केस त्या आवाजाने थरथरली. पुढची चार मिनिटे आम्ही गाण्याचे दुसरे कडवे पूर्ण विसरलो होतो, तरी ठेका कोणीही सोडला नाही. बँड अजून शिल्लक आहे, हे मला त्या चार मिनिटांत कळले.

शरीराचा विचारही पहिल्या दिवसापासून करावा लागतो. बोटांवरचे घट्टे परत यायला काही आठवडे जातात, तोवर रोज घरी वीस-पंचवीस मिनिटे वाजवणे हाच उपाय आहे. गायकाने तालमीत प्रत्येक गाणे पूर्ण जोर लावून गाऊ नये. कानांच्या बाबतीत मात्र कोणीही ढिलाई करू नये: श्रवणरक्षणाच्या प्रचलित मोजमापानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, पण त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटे उरते. बंद गाळ्यात ड्रमशेजारी उभे राहिले की १०० डेसिबल सहज होतात. कानात घालायच्या बोळ्यांची जोडी प्रत्येकाच्या खिशात असावी.

जुना सदस्य परत येणार नसेल तर त्याची हुबेहूब प्रतिकृती शोधू नये. मुंबईच्या रॉक मशीन या बँडने १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतले, १९९७ मध्ये तो थांबला, आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला तो बासवर आणि ड्रमवर नवी, तरुण माणसे घेऊन. ठेका नव्या हातांत गेला की जुन्या गाण्याला वेगळे वजन येते आणि बाकीच्यांनाही सवयीने वाजवणे सोडावे लागते.

पट्टी

वीस-बाविसाव्या वर्षी ज्या स्वरावर गायकाने टाळ्या घेतल्या होत्या तो स्वर आज लागला तरी कार्यक्रमाच्या पाचव्या गाण्यानंतर लागेलच असे नाही. पट्टी उतरवण्यात कमीपणा नाही. सर्व गिटार आणि बास अर्ध्या स्वराने खाली लावले की बोटांच्या जागा त्याच राहतात आणि गायकाला श्वास मिळतो. पूर्ण स्वराने उतरवायचे असेल तर तारा लोंबू लागतात, म्हणून १० क्रमांकाच्या संचाऐवजी ११ क्रमांकाचा जाड संच चढवावा आणि गिटारच्या मानेचा बाक पुन्हा जुळवून घ्यावा. हा निर्णय पहिल्या दोन तालमींतच घ्यावा. आयत्या वेळी पट्टी बदलली की कीबोर्डवादकाचे हाल होतात आणि बासच्या उघड्या तारांवर बेतलेले तुकडे मोडतात.

सांधे पक्के करणे

गाण्यात दोन प्रकारच्या चुका होतात. सोलोमध्ये, म्हणजे एकट्याने वाजवायच्या तुकड्यात, एखादा स्वर निसटणे, आवाज किंचित चिरकणे, ड्रमवरचा तुकडा घाईत पडणे, यांतून गाणे पुढे जाते आणि ऐकणाऱ्याला त्यात वाजवणारा माणूस दिसतो. दुसऱ्या प्रकारच्या चुका सांध्यांवर होतात: गाणे कोण सुरू करणार हे ठाऊक नसणे, कडव्यातून धृपदात कधी जायचे यावर दोघांचे दोन मत असणे, शेवट तीनदा मारायचा की चारदा हे कोणालाच न आठवणे. अशा ठिकाणी गाणे निखळते, आणि निखळलेले गाणे पाहून प्रेक्षक अवघडतात. तालमीचा सत्तर टक्के वेळ मी सांध्यांना देईन आणि सोलो ज्याचा त्याने घरी पाहावा असे सांगेन.

सांध्यांची तालीम करण्याची एक पद्धत आम्हाला फार उपयोगी पडली. गाण्याची शेवटची आठ आवर्तने आणि लगेच पुढच्या गाण्याची पहिली आठ आवर्तने, एवढेच पुन्हा पुन्हा वाजवायचे. मधले गाणे वाजवायचेच नाही. त्या मधल्या वेळेत गिटारवादकाला आवाजाचा पोत बदलणारे पेडल बदलायचे असते, बासला सूर तपासायचा असतो, गायकाला पाणी प्यायचे असते. हे सगळे किती सेकंदांत होते ते घड्याळ लावून पाहावे. मंचावरची वीस सेकंदांची शांतता फार लांब वाटते, म्हणून तिथे कोण काय बोलणार हेही ठरवून ठेवावे.

याहून महत्त्वाची तालीम सावरण्याची. सहाव्या-सातव्या तालमीपासून प्रत्येक गाण्यात एकाने न सांगता मुद्दाम थांबायचे आणि बाकीच्यांनी गाणे चालू ठेवायचे. गिटार थांबली तर बासने भराव करायचा, गायक विसरला तर तेच आवर्तन फिरवत राहायचे आणि तो परत येईपर्यंत वाट पाहायची. घोटाळा झालाच तर सगळ्यांनी ड्रमवादकाकडे पाहायचे, त्याने हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, ठेका स्पष्ट करायचा, मान हलवायची आणि पुढच्या समेवर सर्वांनी एकत्र यायचे. ख्यालाच्या मैफलीत गवई आणि तबलजी समेवर भेटतात तेव्हा ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप दाद निघते. रॉकच्या मंचावर सावरून एकत्र येण्यातही तोच आनंद आहे, आणि तो लपवू नये.

लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम तालमीत जरूर वापरावा, कारण उत्साहाच्या भरात प्रत्येक बँड धावतो आणि आपण किती धावतो हे आधी कळलेले बरे. कार्यक्रमात मात्र, मागे ध्वनिमुद्रित ट्रॅक वाजणार नसतील, तर तो कानात लावू नये. धृपदाला लय कणभर चढणे आणि शेवटाकडे थोडी जड होणे हा जिवंत वाजवण्याचा भाग आहे. दर तालमीचे रेकॉर्डिंग फोनवर, खोलीच्या कोपऱ्यात ठेवून करावे आणि दुसऱ्या दिवशी ऐकावे. त्याच रात्री ऐकले की भांडणे होतात.

गाण्यांचा क्रम

चाळीस मिनिटांत आठ गाणी पुरे होतात. पहिले गाणे हाताला सर्वांत पक्के असलेले निवडावे. सर्वांत आवडते किंवा गायकाची कसोटी पाहणारे गाणे तिथे नको. पहिल्या गाण्यात ध्वनी सांभाळणारा माणूस अजून पातळ्या जुळवत असतो आणि वाजवणाऱ्यांचे हात गार असतात. तिसरे किंवा चौथे गाणे संथ ठेवावे, म्हणजे ड्रमवादकाचे खांदे मोकळे होतात. एक तरी नवे गाणे असावे, कारण फक्त जुनी गाणी वाजली की कार्यक्रम स्नेहसंमेलनाच्या अंगाने जातो.

क्रमाच्या मध्यावर दोन गाणी अगदी उघड्या अवस्थेत, कमीत कमी वाद्यांवर घेण्याचा विचार करावा. एल्व्हिस प्रेस्लीने सात वर्षे प्रेक्षकांसमोर मैफल केली नव्हती. जून १९६८ मध्ये एनबीसी वाहिनीसाठी त्याच्या पुनरागमनाचे चित्रीकरण झाले, त्यातला सर्वांत लक्षात राहिलेला भाग म्हणजे एका छोट्या चौकोनी मंचावर जुन्या साथीदारांबरोबर त्याने बसून केलेली मैफल. प्रेक्षक हाताच्या अंतरावर होते, डी. जे. फोंटाना ड्रमऐवजी गिटारच्या केसवर काठ्यांनी ठेका धरत होता, आणि एल्व्हिस मध्येच हसत, बोलत, गाणे सोडत आणि पुन्हा धरत होता. त्याच कार्यक्रमात मोठा वाद्यवृंद आणि नृत्येही होती, तरी आजही लोक त्या बैठकीबद्दलच बोलतात.

सभागृह आणि परवानग्या

पुनरागमनासाठी लहान जागा घ्यावी. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम यूटू आणि कोल्डप्लेसाठी ठीक आहे. आपल्याला दीडशे-दोनशे माणसांनी भरलेले, घाम जाणवेल असे सभागृह हवे. नाट्यगृहाच्या तारखा नाटकांना लवकर जातात, त्यामुळे बरेच महिने आधी चौकशी करावी आणि सभागृहाचे नियम आणि वेळेची मर्यादा लेखी घ्यावी.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागांना त्यातून सूट मिळते, उघड्या मैदानाला किंवा गच्चीला ती नसते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा-महाविद्यालय किंवा न्यायालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात. धोबीतलावच्या रंगभवनात, जिथे मुंबईतल्या रॉकप्रेमींच्या एका पिढीने आपले पहिले बँड ऐकले, तिथले मोठे कार्यक्रम शांतता क्षेत्रामुळेच थांबले. जागा ठरवण्याआधी आजूबाजूला चालत फिरून यावे. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेकडून परवाना घ्यावा, आणि स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज आधीच द्यावा.

घोडबंदर रस्त्याकडचे सभागृह असेल तर सामानाचा टेम्पो दुपारी दोनपर्यंत पोहोचलाच पाहिजे. संध्याकाळी कापूरबावडीला अडकलेला टेम्पो कोणाच्याच हातात नसतो.

साउंडचेक

मोठ्या मंचावर बँड पांगतो आणि तिथेच घात होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ड्रमपासून दहा मीटरवर उभ्या असलेल्या गिटारवादकाला स्नेअर जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि तो नकळत मागे पडतो. मंच कितीही रुंद असला तरी जॅमरूममध्ये जसे उभे होता तसेच, तीन-चार मीटरच्या आत उभे राहावे. एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत.

छोट्या सभागृहात ड्रमचा आवाज मुळातच मोठा असतो, त्यामुळे अडचण नेहमी गायकाच्या आवाजाची होते. साउंडचेकमध्ये, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या ध्वनिचाचणीत, आधी गायकाचा माइक फीडबॅकच्या, म्हणजे शिट्टी सुरू होण्याच्या, उंबरठ्यापर्यंत नेऊन किंचित खाली आणावा आणि बाकी सगळे त्याच्या खाली बसवावे. नेहमीच्या कार्डिऑइड, म्हणजे समोरचा आवाज जास्त घेणाऱ्या, माइकला बरोबर मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा मंचावरचा स्पीकर, माइकच्या थेट मागे ठेवावा. आणि गायकाने जाळी मुठीत धरू नये, तसे केले की माइकची दिशा बिघडते आणि शिट्टी सुरू होते. नाट्यगृहातले ध्वनिव्यवस्थेचे लोक नाटकांत आणि वाद्यवृंदांत मुरलेले असतात. त्यांना हुकूम सोडण्यापेक्षा एक स्पष्ट विनंती करावी: "दादा, गायकाच्या मॉनिटरमध्ये फक्त त्याचा आवाज आणि थोडा स्नेअर द्या, गिटार आम्हाला अँपमधून ऐकू येतेच." एवढे वाक्य अर्धे काम करते.

गिटारचे अँप आणि मिक्सर शक्यतो एकाच विजेच्या बोर्डावरून घ्यावेत, नाहीतर गुणगुण येते. ती घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक भेटतात, त्यांना ठामपणे थांबवावे. तारेला हात आणि माइकला ओठ लागताच जिवावर बेतू शकते. तारा कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बदलून ताणून घ्याव्यात. पावसाळ्यात दमट टेम्पोतून वातानुकूलित सभागृहात आलेली गिटार अर्धा तास केसबाहेर ठेवून मगच सुरात लावावी. मंचाच्या कडेला सुरात लावलेली दुसरी गिटार, जादा केबल, बॅटऱ्या आणि काठ्या हव्यात.

प्रत्यक्ष कार्यक्रमात

आमच्या कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर गायकाचा मॉनिटर बंद पडला. साउंडचेकला तो चालू होता आणि नंतर कोणी तपासला नाही. ती चूक आमचीही होती. स्वतःचा आवाज ऐकू येईना तेव्हा गायक ओरडू लागला आणि सूर वर सरकला. मग तो ड्रमच्या जवळ आला, एक कान तळहाताने झाकला, आणि डोक्यात घुमणाऱ्या आवाजावर सूर धरून गाऊ लागला. आम्ही बाकीच्यांनी लगेच हात हलके केले. मागच्या रांगेपर्यंत गाणे मऊ झाले आणि सभागृह पुढे झुकले. ही युक्ती प्रत्येक गायकाने तालमीत करून पाहावी. घोटाळा झाल्यावर माइकवरून माफी मागू नये, एकमेकांकडे रागाने पाहू नये, आणि शक्यतो गाणे पहिल्यापासून सुरू करू नये. तार तुटली तर ज्याच्याकडे वाद्य आहे त्याने तेच आवर्तन फिरवत राहावे आणि दुसरी गिटार खांद्यावर येईपर्यंत ड्रमने लय राखावी.

कन्सोलमधून, म्हणजे सभागृहाच्या मिक्सरमधून, थेट रेकॉर्डिंग मागून घ्यावे, पण तेवढ्यावर थांबू नये. कन्सोलच्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज कोरडा आणि पुढे येतो, अँपचा आवाज कमी पडतो आणि प्रेक्षक तर नसतातच. सभागृहाच्या मध्यावर एक साधा रेकॉर्डर ठेवावा आणि दोन्ही जुळवून घ्यावेत. नंतर संगणकावर सूर आणि ठेके सरळ करण्याचा मोह होईल, तो आवरावा. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या गाण्यात बास एक आवर्तन आधी येतो. मी चुकलो, ड्रमवादकाने ते ऐकले, आणि पुढच्याच आवर्तनाला तो माझ्याबरोबर धृपदात उतरला. दोन्ही गिटार धावत मागून आल्या. ते आवर्तन आम्ही तसेच ठेवले आहे, आणि आता ते गाणे आम्ही तसेच वाजवतो.